रविवारचा चांगुलपणा

खुर्चीकाका माणसांशी कमी बोलायचे आणि खुर्च्यांशी जास्त, पण सूर दोघांशी एकच. वेताच्या खुर्चीची जाळी फाटली की ती त्यांच्याकडे यायची. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची एकच खोली, खोलीपुढे रस्त्याला लागून कट्टा, कट्ट्यावर पाण्याचं घमेलं, घमेल्यात भिजत पडलेल्या वेताच्या पट्ट्या आणि मधोमध बुटक्या स्टुलावर काका. ओठांत कायम एक पट्टी धरलेली. त्यामुळे ते जे काही बोलत ते अर्ध्या तोंडानं, नाकातून, आणि बहुतेक वेळा शिवीच्या जरासं अलीकडे.

खुर्ची समोर आली की ते आधी तिला उलटी करत, भोकाकडे बघत, मग गिऱ्हाइकाकडे बघत आणि हिच्यावर उभं कोण राहिलं होतं असं विचारत. गिऱ्हाईक म्हणे, छे हो, आपोआप गेली. "आपोआप," काका म्हणत. "माळ्यावरचा डबा काढायला हीच उठून गेली असेल." गिऱ्हाईक ओशाळं हसे, कबूल होई आणि खुर्ची ठेवून जाई. पलीकडच्या गल्लीत एक गोडबोल्या कारागीर बसायचा. तो प्रत्येक खुर्चीला 'वा, काय चीज आहे' म्हणायचा आणि त्याची जाळी वर्षभरात पोट सोडायची. म्हणून लोक बोलणी खायला इकडेच यायचे. काही जण तर बोलण्यांसाठीच येत असावेत. घरी त्यांना एवढं लक्ष देऊन कोणी रागवत नसे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्या शहरात. फोनवर त्याची सुरुवात ठरलेली असायची, "मी काही म्हणत नाही, बाबा, पण..." आणि मग तो सगळं म्हणायचा. त्याच्या घराची मागची खोली रिकामी होती, काकांनी तिथे येऊन आरामात पडावं, असं त्या सगळ्याचं सार. पडायला मी काय लाकडाचा ओंडका आहे का, असं काका विचारत. ती खोली त्यांनी एकदा पाहिली होती. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, आणि वेत भिजवायचा म्हटलं तर सुनेच्या न्हाणीघरात. शेवटी बापलेकांनी एक तह केला. जोवर दारात काम येतंय तोवर काका इथेच. कट्टा रिकामा पडला की मुलगा म्हणेल तसं. काकांनी हे बेफिकीरपणे कबूल केलं. कट्टा रिकामा पडलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

त्यात वाचनालयाचे चिटणीस येऊन गेले. हे गृहस्थ कुठल्याही वाक्याआधी "म्हणजे कसं आहे ना" म्हणत आणि मग ते कसं आहे हे सांगायला बराच वेळ घेत. या खेपेला ते असं होतं, की वाचनालयातल्या झाडून सगळ्या खुर्च्यांच्या जाळ्या बसल्या होत्या, वाचक पुस्तकापेक्षा खाली जमिनीकडे जास्त लक्ष ठेवून होते, आणि काकांनी नमुन्याची एक खुर्ची विणून दिली व ती समितीला पसंत पडली, तर बाकीच्याही त्यांच्याकडेच येणार होत्या. काकांनी "ठेवा तिकडे" एवढंच म्हटलं. चिटणीस वळणावरून दिसेनासे झाल्यावर मात्र त्यांनी मुलाला फोन लावला आणि विचारलं नसताना सांगितलं, की पुढची निदान दोन वर्षं मागच्या खोलीत कांदे-बटाटे ठेवायला हरकत नाही.

सगळं असं रांगेला लागलेलं असताना वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मुलांना चांगुलपणा शिकवायला घेतला.

त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की दया, माया वगैरे गोष्टी लहानपणीच रुजवाव्या लागतात आणि त्यासाठी सगळ्या कुटुंबानं मिळून छोटे छोटे उपक्रम करावेत. वाचलेलं वाया घालवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांचं बोलणं म्हणजे गाळलेल्या जागा भरा. वाक्य चढत चढत शेवटच्या पायरीवर जाऊन थांबायचं आणि तिथून मुलांची वाट बघायचं. "रविवारी सकाळी आपण सगळे मिळून काय करतो...?" त्यांचा मुलगा म्हणायचा, चांगुलपणा. धाकटी बहीणही म्हणायची, चांगुलपणा, पण दात पडल्यामुळे तिच्या तोंडून त्यातली बरीच हवा निघून जायची. बाईंचे यजमान फोनवरून नजर न उचलता म्हणायचे, "हो, हो, बरोबर आहे."

पहिला चांगुलपणा रस्त्यावरच्या कुत्र्यावर झाला. त्याला सुगंधी साबणानं आंघोळ घातली. ते कुत्रं त्यानंतर त्या रस्त्यावर कोणाला दिसलं नाही. दुसरा इमारतीच्या पहारेकऱ्यावर. दिवसाउजेडी खुर्चीत डुलक्या घेणारा हा साधा माणूस, त्याला झोपेतून उठवून हातात कागदी फूल दिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारपासून तो पहारा द्यायला गच्चीवर जाऊ लागला. तेव्हा बाईंनी मुलांना विचारलं, आपल्या आसपास असं कोण आहे बरं, की ज्याला कोणी नाही? खरं तर प्रश्न असा होता, की आपल्या आसपास पळून न जाणारं कोण आहे. खुर्चीकाका दिवसभर एकाच जागी बसलेले असत.

ते चौघं ओळीनं खाली आले. काकांना आजवर सगळी इमारत काका म्हणत आली होती, अगदी पन्नाशीची माणसंसुद्धा. बाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाल्या, "आजोबाऽ, कसे आहातऽ?" काकांनी मागे वळून पाहिलं, की हे कोण आजोबा येऊन बसले. मुलानं वाटी पुढे केली. तिच्यात काहीतरी पातळ, गाळलेलं, चावायची गरज पडू नये असं होतं. काकांचे सगळे दात शाबूत होते, वेताची पट्टी ते दातानं सोलत. पण समोर दोन पोरं श्वास धरून उभी होती. त्यांनी ते मुकाट्यानं पिऊन टाकलं.

आणि खोटं कशाला, त्यांना बरं वाटलं. धाकटी घमेल्यातून पट्ट्या काढून द्यायची, दर वेळी नको तीच. काका नाकातून गुरगुरायचे, ती खिदळायची. मुलगा त्याच्या वर्गातल्या मारामाऱ्या सांगायचा. त्या कट्ट्यावर कितीतरी वर्षांत पोरांचा आवाज झाला नव्हता. पुढच्या शनिवारी काकांनी कट्टा झाडला आणि अडगळीतली दोन ठेंगणी स्टुलं काढून पुसून ठेवली.

घोळ झाला तो चहाच्या पेल्यामुळे. त्या रविवारी बाईंनी ठरवलं होतं, की आज दादा आजोबांना चहा पाजणार. काकांनी पेला हातात घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला. मुलाचा चेहरा खाडकन उतरला. खालचा ओठ पुढे आला. "मग माझा चांगुलपणा राहिला ना," तो म्हणाला आणि डोळ्यांत पाणी जमायला लागलं. बाईंनी त्याच्या डोक्यावरून काकांकडे पाहिलं. घ्या ना हो सांभाळून, अशी ती नजर होती.

काकांनी सांभाळून घेतलं. त्यांनी पेला पुन्हा भरून मागितला, हातात धरला आणि हात थरथरवला. चांगला जमला. बशीवर पेल्याचा खुळखुळाटसुद्धा झाला. बाई हळूच "अगंबाई" म्हणाल्या. मुलानं पुढे होऊन पेला धरला आणि तोंडाशी लावला, आणि त्याचं तोंड असं काही उजळलं, की काकांना वाटलं, एवढ्यानं आपलं काय जातंय. बाईंनी फोटो काढला. यजमान म्हणाले, हो, हो, बरोबर आहे.

पण एका रविवारी थरथरलेला हात पुढच्या रविवारी बरा कसा होणार? त्या घरी त्याची चौकशी होत होती, मुलगा शाळेत त्यावर निबंध वाचून आला होता. तेव्हा शनिवारी संध्याकाळपर्यंत हरणासारखी पळणारी काकांची बोटं रविवारी जिन्यावर पावलं वाजली, की मांडीवर येऊन पडायची आणि म्हातारी व्हायची. पोरं वर गेली, की पुन्हा कामाला लागायची. काकांना यात जरा मजाही वाटत होती. आयुष्यभर कोणासाठी नाटक केलं नव्हतं, उतारवयात जमतंय.

बाईंनी ही गोष्ट कोणाला वाईट मनानं सांगितली नाही. त्या वाईट मनाच्या नव्हत्याच. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, शाळेच्या फाटकात त्या मान कलती करून, आवाजाला साय आणून म्हणत, "हात थरथरतो हो त्यांचा. वेताचं काम, आणि हात थरथरतो. पण मुलांना किती शिकायला मिळतं." ऐकणाऱ्याचा जीव कळवळायचा. आणि जीव कळवळलेला माणूस अशा हातात आपली खुर्ची देत नाही.

समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाई दर वर्षी एक खुर्ची आणायच्या आणि वर्षाचं रागावून घेऊन जायच्या. त्या यंदा आल्या त्या पांघरूण घेऊन. खुर्ची कुठे आहे, काकांनी विचारलं. त्या म्हणाल्या, असू दे हो, तुम्हाला कशाला त्रास. "मला त्रास हवाय," काका म्हणाले. शिक्षिकाबाई डोळे पुसत हसल्या आणि म्हणाल्या, अजून किती गमतीशीर बोलता. कोपऱ्यावरचा न्हावी डोक्यावर खुर्ची घेऊन पलीकडच्या गल्लीकडे निघाला होता. डोक्यावरची खुर्ची लपवता येत नाही, म्हणून त्यानं मान लपवली. काकांनी त्याला हाक मारून जाम झापलं. पूर्वी हाच माणूस असं झापल्यावर वरमून खुर्ची खाली ठेवायचा. आता तो प्रेमानं "जपा हं आजोबा" म्हणाला आणि चालता झाला. म्हाताऱ्याचा राग आणि बाळाचा शेंबूड, दोन्ही लोक हसत हसत पुसतात.

तेव्हा काकांना पहिल्यांदा भीती वाटली. कट्ट्यावर वाचनालयाची तेवढी एक खुर्ची उरली होती.

तिच्यासाठी त्यांनी सगळ्यात बारीक वेत काढला. पट्ट्या नुसत्या नजरेनं नव्हे, जिभेनं तपासून घेतल्या. ओलावा जास्त असला की वेत सुकल्यावर सैल पडतो, कमी असला की वळवतानाच तडकतो. उभे दोरे झाले, आडवे झाले, मग तिरपे, आणि एकेका भोकातून पट्टी ओढून घेताना ते खुर्चीला दटावत होते, की कुरकुरशील तर बघ. पुरी झाली तेव्हा त्यांनी जाळीवर टिचकी मारली. डफासारखा आवाज आला. त्यांनी पुन्हा मारली, नुसती ऐकायला.

चिटणीस येणार होते रविवारी. त्यांना सुट्टी तेव्हाच. काका आदल्या दिवशी जिना चढून वर गेले आणि उद्या येऊ नका, माझं काम आहे, असं त्यांनी बाईंना सरळ सांगितलं. बाईंनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, जिना का चढलात म्हणून प्रेमानं रागावल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, संकोच करू नका हो. आम्हाला अजिबात त्रास होत नाही." यजमान म्हणाले, हो, हो, बरोबर आहे.

रविवारी चिटणीस सकाळी सकाळीच आले. खुर्चीभोवती एक फेरी मारली, जाळीवर तळवा दाबला, मग आधी अर्धवट आणि नंतर पुरते बसले. म्हणजे कसं आहे ना काका, असं काम आताशा बघायला मिळत नाही, ते म्हणाले, आणि समितीला काय विचारायचंय, उद्यापासूनच खुर्च्या पाठवतो, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही असेल. कारण जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्यांचं तोंड उघडंच होतं.

मुलगा सराईतपणे पुढे आला. पेला काकांच्या तोंडाशी नेत म्हणाला, आजोबा, आ करा. मग पाहुण्यांना कळावं म्हणून, "यांचा हात थरथरतो. दर रविवारी मीच पाजतो."

चिटणीसांनी खुर्चीकडे पाहिलं. मग काकांच्या हाताकडे. मग पुन्हा खुर्चीकडे.

"मग ही कोणी विणली?"

"मी," काका म्हणाले.

"मुलांनीपण मदत केली हं," बाई मायेनं म्हणाल्या. "धाकटी पट्ट्या देते त्यांना."

चिटणीस "अच्छा" म्हणाले. त्या अच्छामध्ये वाचनालयाच्या सगळ्या खुर्च्या एकामागून एक परत गेल्या.

काका उठले. दोन्ही हात त्यांनी समोर लांब केले. "बघा. थरथरतात का? नाटक होतं ते. या पोराचा चेहरा पडला म्हणून केलं मी." हात फळीसारखे स्थिर होते. पण हाताकडे कोणी बघतच नव्हतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आजारी माणसाकडे बघतात तसे. बाई चिटणीसांच्या कानाशी हळू आवाजात म्हणाल्या, फार मानी आहेत, असंच म्हणतात. काकांनी वेत ओवायचा टोचा उचलला, घमेल्यातली पट्टी खेचली, आता इथल्या इथे विणून दाखवतो म्हणाले. चिटणीसांनी लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा तो टोचा त्यांच्या बोटांतून काढून घेतला. "नको, नको. बसा तुम्ही, आजोबा." आत्ता घटकाभरापूर्वी ते काका म्हणत होते.

मुलगा अजून पेला धरून उभा होता. त्यानं तो पुन्हा पुढे केला, कारण चहा गार होत होता. काकांनी तो हातानं उडवला. नकोय मला तुझा चांगुलपणा, चालता हो इथून, असं ते ओरडले, आणि ते ओरडणं गिऱ्हाइकावर ओरडण्यासारखं नव्हतं. मुलगा रडला नाही. चहा त्याच्या चपलेवर सांडला होता, तो तिकडे बघत राहिला, आणि मग त्यानं विचारलं, "म्हणजे तुम्ही इतके दिवस खोटं बोलत होता?"

बाईंनी मुलांना वर नेलं. जिन्यातून त्यांचा आवाज येत होता. कोणी आपल्यावर ओरडलं तर आपण काय करतो...? मुलांना ते अजून शिकवलेलं नव्हतं. गाळलेली जागा तशीच राहिली.

ती पुढच्या रविवारी भरली. चौघं पुन्हा ओळीनं खाली आले. मुलानं हात मागे बांधून पाठ केलेलं म्हणून दाखवलं. आजोबा, तुम्ही खोटं बोललात आणि ओरडलात, तरी आम्ही तुम्हाला माफ केलं आहे. धाकटी शेवटचा शब्द त्याच्याबरोबर म्हणाली. काकांच्या ओठांत त्या दिवशी वेत नव्हता, तरी त्यांना बोलता येईना.

नमुन्याची खुर्ची समितीला फारच आवडली. चिटणीस मुद्दाम सांगायला आले. तिला वाचनालयाच्या दारात मानानं ठेवलं होतं, कोणी बसू नये म्हणून पुढे दोरी बांधली होती आणि वर पाटी लावली होती, 'एका वृद्ध कारागिराची अखेरची खुर्ची'. बाकीच्या खुर्च्यांवर फळ्या ठोकून घेतल्या होत्या. "म्हणजे कसं आहे ना, एवढा भार तुमच्यावर टाकणं माणुसकीला धरून झालं नसतं." शिवाय वरच्या बाईंना त्यांनी वाचनालयात पालकांसमोर बोलायला बोलावलं होतं. विषय चांगुलपणा.

काकांच्या मुलाला काही कळवावं लागलं नाही. अडीअडचणीला असावा म्हणून बाईंनी त्याचा नंबर कधीच घेऊन ठेवला होता आणि ही अडचणच होती. त्याचा फोन आला. "मी काही म्हणत नाही, बाबा," तो म्हणाला, आणि या वेळी खरंच काही म्हणाला नाही. काकांनी रिकाम्या कट्ट्याकडे पाहिलं. तह त्यांनीच केला होता.

"ये," ते म्हणाले.

तो आला रविवारी, भाड्याची गाडी घेऊन. सामान बांधायला वरचं कुटुंब हजर होतं. हाही उपक्रमच. यजमानांनी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं घमेल्यातलं पाणी गटारात ओतलं. बाईंनी वेताचा भारा कचऱ्याकडे ढकलला होता. काकांनी तो उचलून आणून गाडीत ठेवला. त्यांच्या मुलानं तो उचलून पुन्हा खाली ठेवला. तिकडे जागा नाही हो बाबा, तो म्हणाला, आणि आता कशाला लागणार आहे. काका पुन्हा वाकले नाहीत. ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि सुनेनं पाठवलेली उशी मुलानं त्यांच्या पाठीशी खोचली.

बाईंनी मुलांना गाडीच्या खिडकीपाशी उभं केलं आणि आजोबांना निरोप द्या म्हणाल्या. दादानं निरोप दिला. धाकटी खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघत राहिली. बघता बघता तिच्या काहीतरी ध्यानात आलं असावं. तिनं विचारलं, "तुम्हाला जायचंय?"

"नाही," काका म्हणाले.

ती वळली. "आई, त्यांना जायचं नाहीये."

"शू," बाई म्हणाल्या, आणि तिचा खांदा धरून त्यांनी तिला खिडकीपासून मागे घेतलं. "असं बोलायचं नसतं बाळा. त्यांना वाईट वाटेल."

धाकटी गप्प झाली. शिकायचंच वय होतं तिचं.